पहिल्या पावानंतरचा पेला

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून तक्रार नको. माझ्या दिराबद्दल सांगायचं तर खरं म्हणजे एका वाक्यात उरकेल असा माणूस आहे. पाव भाजतो आणि गप्प बसतो. पण त्या गप्प माणसाने मला सहा महिने असं काही टांगून ठेवलं, की कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडणार नाही.

आमची बेकरी म्हणजे एक लांबट, बोळासारखी खोली. रस्त्याच्या अंगाला काउंटर, तिथे मी. मध्ये पीठ मळायचं मशीन आणि लाकडी टेबल, आणि पार टोकाला भट्टी. टेबल आणि ट्रेचं रॅक यांच्यामध्ये एक माणूस जेमतेम जाईल एवढीच जागा. म्हणून आमच्याकडे एक नियम आहे. गरम ट्रे घेऊन जो पाठीमागून जाईल त्याने "मागे" म्हणायचं, आणि टेबलापाशी जो उभा असेल त्याने वळून न बघता पोट टेबलाला चिकटवायचं. वळून बघितलंत की कोपर भाजलंच समजा. हा नियम माझ्या नवऱ्याने घातला. त्यांचा "मागे" असा दणदणीत, की समोरच्या चपलांच्या दुकानातलं गिऱ्हाईक बाजूला सरकायचं. भावजींचा "मागे" म्हणजे माफी मागितल्यासारखा.

भावजी म्हणजे हेच माझे दीर, माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. लग्न नाही, व्यसन नाही, आवाज नाही. पोरंटोरं त्यांना हळूकाका म्हणतात, कारण गरम पाव कुणाच्या हातात ठेवताना ते दर वेळी "हळू" म्हणतात. पण हात असा, की पिठाला नुसता लावला तरी कळतं त्यांना, आज किती वेळ ठेवायचं. आणि जीभ तर विचारूच नका. एकदा गप्पांच्या नादात मी मशीनमध्ये मूठभर मीठ कमी टाकलं. वजन मी केलं, ओतलं मी, आणि लक्षात आल्यावर मूग गिळून बसले. भावजी आले, बोटाच्या टोकावर चिमूटभर पीठ घेऊन जिभेला लावलं आणि एक अक्षर न बोलता मीठ आणून टाकलं. मला लाज वाटेल म्हणून माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. असा माणूस.

आता दुखण्याचं सांगते. हे दोघे भाऊ लहान असताना दोघांनाही मोठा ताप आला होता. एक इंजेक्शनवाला घरी यायचा. काचेची एक पिचकारी, एक सुई. आधी थोरल्याला, मग त्याच सुईने धाकट्याला. सासूबाई कौतुकाने सांगायच्या, धाकटा अजिबात रडला नाही म्हणून. पुढे डॉक्टर म्हणाले की तिथूनच आलं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण बहुतेक तिथूनच. रक्तातून जाणारं दुखणं. हिपॅटायटिस सी. तीसेक वर्षं ते दोघांच्या लिव्हरमध्ये मुकाट बसून होतं. दुखलं नाही, खुपलं नाही. मग एका सकाळी माझ्या नवऱ्याला टेबलापाशी रक्ताची उलटी झाली, आणि तपासणीत दोघांच्याही रक्तात तेच निघालं.

माझ्या नवऱ्याच्या वेळी जुने उपचार होते. दर आठवड्याला पोटात एक इंजेक्शन आणि रोज मूठभर गोळ्या, वर्षभर. भर दुपारी भट्टीसमोर बसून थंडीने कुडकुडायचे. केस गळले, चव गेली, स्वभाव गेला. पण वर्षाच्या शेवटी रक्त स्वच्छ आलं आणि आम्ही तिघं वेड्यासारखे हसलो. पाच महिन्यांनी परत तपासलं तर डॉक्टर म्हणाले, "परत आलंय." हे दोन शब्द माझ्यापुढे आजही कुणी साध्या पावसाबद्दल किंवा पाहुण्याबद्दल बोलले तरी मी हातातलं टाकून आत निघून जाते. पुढच्या वर्षी त्यांच्या पोटात पाणी भरलं आणि ते गेले. त्यांचा अ‍ॅप्रन भट्टीजवळच्या खिळ्याला लटकत होता, तो तसाच राहिला. काढणार कोण? मी काढेना, भावजी काढेनात.

भावजींचं लिव्हर तेव्हा बरं होतं. डॉक्टर म्हणाले, थांबा, आता नव्या गोळ्या येताहेत. त्यांचं लग्न ठरलेलं होतं. आम्हाला न विचारता ते मुलीच्या वडिलांकडे गेले, दुखण्याचं सांगितलं आणि मोडून आले. मी भांडले, तर म्हणाले, "वहिनी, एक माणूस बघितला ना आपण."

तेव्हापासून स्वतःला वाळीतच टाकलं त्यांनी. दाढीचं सामान आणि नखं कापायचं कुलपाच्या डब्यात ठेवलं, ते बरोबरच होतं, डॉक्टरांनीच सांगितलं होतं. पण पेला वेगळा, ताट वेगळं, पलंगही भिंतीला लावून वेगळा. डॉक्टर कानीकपाळी ओरडले, की हे उष्ट्याने होत नाही, एका पेल्यातून प्यायलात तरी होत नाही. भावजी मान डोलवायचे आणि घरी येऊन आपला पेला आपणच विसळून आपल्याच खिळ्याला उपडा अडकवायचे. एकदा ट्रेच्या कडेने बोट खरचटलं. रक्त आलं की नाही तेही दिसत नव्हतं, पण सकाळचा सगळा पिठाचा गोळा, तीन माणसांना उचलणार नाही एवढा, त्यांनी फेकून दिला. त्या दिवशी गल्लीला पाव मिळाला नाही. मी काउंटरवर लोकांची बोलणी खात बसले आणि आत भावजी टेबल धुवत होते, चार वेळा.

पेल्याचं सांगितलं, ते नीट ऐका, सगळं तिथेच आहे. माझ्या नवऱ्याचा एक स्टीलचा पेला होता, कडेला पोचा आलेला. सकाळी पावाची पहिली फेरी निघाली की दोघे भाऊ उभ्याउभ्या एकेक गरम पाव चहात बुडवून खायचे. गरम पाव तो, पोटात जळजळ ठरलेलीच. मग आमचे हे, थोरले, बिस्किटांच्या सोड्याच्या डब्यातून चिमूटभर सोडा घ्यायचे, त्या पेल्यात पाण्यात फसफसवायचे, निम्मा आपण प्यायचे आणि निम्मा भावाला द्यायचे. वर्षानुवर्षं. ते गेल्यावर तो पेला भावजींचा झाला आणि सोडा ढवळायचं काम माझं. रोज सकाळी मी तो पेला त्यांच्या हातात द्यायची. खरं सांगते, त्या एका कामात मला वाटायचं की आमचे हे अजून घरात आहेत.

मग गोळ्या आल्या. रोज एक, बारा आठवडे. भावजी न्याहारीबरोबर घ्यायचे. पाव, चहा, गोळी, आणि गोळीवर माझ्या हातचा पेला. कोठीच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने रोज एक रेघ. चौऱ्याऐंशी रेघा, एक चुकली नाही. शेवटी रक्त स्वच्छ आलं. मी आनंदाने नाचायच्या बेतात होते, पण भावजी म्हणाले, "थांबा. दादाचंही आलं होतं स्वच्छ." बारा आठवडे थांबून परत तपासलं.

परत आलं होतं.

डॉक्टरीणबाई आता नव्या होत्या, तरुण, केस पेन खोचून वर बांधायच्या. त्यांनी विचारलं, "गोळी चुकली होती?" नाही. "उलटी झाली होती?" नाही. "दुसरं काही औषध चालू होतं?" नाही. आम्ही दोघांनी एका सुरात नाही म्हटलं. त्या म्हणाल्या की कधी कधी होतं असं, शंभरात थोड्यांचं होतं, तुमचा दोष नाही. आणि लिव्हर आता पहिल्यासारखं राहिलं नव्हतं. कडक होत चाललं होतं.

घरी आल्यावर भावजी भट्टीसमोर स्टुलावर बसले. मी म्हटलं, चहा करू? तर म्हणाले, "दादा सोडत नाही मला." एवढंच. मला वाटलं, माणूस खचलाय, बोलतो काहीबाही.

पण दुसऱ्या दिवसापासून ते सरकायला लागले. टेबलावर पावाचे गोळे करत उभे असायचे आणि मध्येच पोट टेबलाला चिकटवून अंग चोरायचे. मागे कोणी नसायचं. मी काउंटरवर, भट्टी बंद, ट्रे रॅकमध्ये. पाठीमागून कोणी तरी गरम ट्रे घेऊन जावं एवढा वेळ ते तसेच उभे राहायचे, मग सैल व्हायचे. आठ दिवसांत दहा वेळा बघितलं तेव्हा विचारलं, "काय चाललंय?"

"मागे म्हणाला," ते म्हणाले.

"कोण?"

त्यांनी खिळ्यावरच्या अ‍ॅप्रनकडे बघितलं.

माझ्या अंगावर काटा आला हे खरं, पण त्याहून जास्त मला राग आला. का ते सांगते, हसू नका. मी त्या माणसाची बायको. गेल्यापासून एकदा, एकदासुद्धा स्वप्नात आले नाहीत. उशी बदलून बघितली, कूस बदलून बघितली. आणि भावाच्या पाठीमागे ट्रे घेऊन फिरताहेत! मी भावजींना म्हटलं, "त्यांना सांगा, यायचंच असेल तर काउंटरवरही एक माणूस बसतं." भावजी कसंनुसं हसले. पण सरकायचं थांबलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या खेपेला बोलावलं. म्हणाल्या, पहिल्या गोळ्यांनी ज्यांचं परत येतं त्यांच्यासाठी वेगळी गोळी आहे, तीन औषधं एकत्र केलेली. पुन्हा बारा आठवडे, रोज एक, पोटभर खाऊन. बहुतेकांचं जातं. मी विचारलं, "आणि नाही गेलं तर?" मला गोडगोड बोललेलं आवडत नाही, हे त्यांना एव्हाना कळलं होतं. म्हणाल्या, "तर मग शोधत राहू, पण त्यांचं लिव्हर किती थांबेल ते मी सांगू शकत नाही. ही संधी वाया घालवायची नाही."

भावजी नको म्हणाले. बसमध्ये म्हणाले, घरी म्हणाले, टेबलापाशी म्हणाले. "त्याला यायचंच आहे, वहिनी. दोनदा कशाला हसायचं आपण?"

तेव्हा मी जे बोलले ते बोलायला नको होतं, पण बोलले. "एक भाऊ पोचवला मी. दुसरा पोचवायची ताकद माझ्यात नाही. तुम्ही गेलात तर मी या भट्टीत बसू का, सांगा तसं." आणि रडले. मी रडले की ते घाबरतात. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने माझ्याबरोबर दवाखान्यात आले.

औषधांच्या खिडकीत एक चष्मेवाला होता. डबी हातात देण्याआधी त्याने पाढे म्हटल्यासारख्या सूचना वाचल्या. रोज एकाच वेळी घ्या. खाऊनच घ्या. गोळी फोडू नका. आणि आम्लपित्तावरचं काही घेत असाल तर आधी सांगा, कारण ही गोळी, आणि तुमची मागची पण, पोटातल्या आम्लात विरघळते. आम्ल मारलं तर औषध रक्तात पुरतं उतरत नाही. "घेता काही?" भावजी म्हणाले, "नाही." मी पण मान हलवली. खोटं नव्हतो बोलत आम्ही. औषध म्हणजे डबीतलं, पाकिटातलं, डॉक्टरांनी कागदावर लिहिलेलं. सोडा म्हणजे आमच्याकडे बिस्किटात घालायची वस्तू, पोत्यात येते. तिला कोण औषध म्हणणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली फेरी निघाली. भावजींनी पाव खाल्ला, गोळी तळहातावर घेतली. मी पेल्यात पाणी घेतलं, डब्यातून चिमूट उचलली, पाण्यात सोडणार तेवढ्यात चष्मेवाला आठवला. हात तसाच राहिला. आम्ल मारलं तर. तुमची मागची पण.

चौऱ्याऐंशी रेघा आणि चौऱ्याऐंशी पेले. सगळे माझ्या हातचे.

"वहिनी," मागून भावजी म्हणाले, "गोळी घेऊ ना?"

मी चिमूट डब्यात परत झाडली. शेजारी मिठाचा डबा होता. चार कण मीठ पाण्यात टाकलं, चमचा खळखळ वाजवून ढवळलं आणि पेला त्यांच्या हातात दिला. त्यांनी गोळी टाकली, पाणी प्यायले, पेला विसळला, खिळ्याला अडकवला. चेहऱ्यावर काही नाही. मी काउंटरवर येऊन बसले. पहिल्या गिऱ्हाइकाने चार पाव मागितले आणि मी सहा दिले.

दुपारी दुकान भावजींवर टाकून, भाजीला जाते सांगून दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी केसांतलं पेन काढलं, परत खोचलं. म्हणाल्या, "असू शकतं. नक्की त्यानेच झालं असं मी म्हणणार नाही, न घेणाऱ्यांचंही परत येतं कधी कधी. पण रोज, नेमकं गोळीबरोबर, म्हणजे बरं नव्हतं. आता पूर्ण बंद. मीठही जपून, बरं का. त्यांना सांगितलंत?"

"नाही."

"सांगा ना. चूक कुणाचीही होते."

डॉक्टरीणबाईंना काय कळणार? चूक माझी एकटीची असती तर मी तिथल्या तिथे पाय धरले असते भावजींचे. पण ते आधीच म्हणत होते, दादा सोडत नाही. आणि मी जाऊन काय सांगू? की हो, खरंच, दादाचाच पेला होता तो, दादानेच लावलेली सवय, दादाच्याच बायकोने रोज हातात दिली? मग हा माणूस उरलेल्या गोळ्या गटारात टाकून त्या अ‍ॅप्रनखाली जाऊन बसला असता. त्याला जगवायचं तर मला गप्प बसायला हवं होतं. मी आणि गप्प. देवाने शिक्षा द्यायची तर नेमकी शोधून दिली.

रोज सकाळी मिठाचं पाणी. कोठीच्या दारावर जुन्या रेघांखाली नव्या रेघा. भावजींना जळजळ व्हायची, छातीवर हात चोळायचे. मी म्हणायची, पाव गार करून खा, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. ते गार करून खायला लागले. का, म्हणून विचारलं नाही. डोकं दुखायचं त्यांचं, दुपारी स्टुलावर भिंतीला टेकून बसायचे. सरकणं मात्र कमी होत गेलं. पाचव्या आठवड्यानंतर मी त्यांना सरकताना बघितलं नाही.

आणि त्याच सुमाराला मला ऐकू आलं.

सकाळी साडेदहाची वेळ, लख्ख ऊन, रस्त्यावर रिक्षांचा गोंगाट. भावजी बाहेर पिठाची पोती उतरवून घेत होते, मला समोर दिसत होते. मी टेबल पुसत होते. पाठीमागून आवाज आला, "मागे." दणदणीत नाही. दुखण्यात शेवटी शेवटी यायचा तसा. आणि मानेवर ऊब लागली, गरम ट्रेची. माझं पोट आपोआप टेबलाला चिकटलं. वळून बघायचं नाही हा नियम, म्हणून मी बघितलं नाही. खोटं कशाला बोलू, भीतीने बघितलं नाही. इतकी वर्षं वाट बघितली, आणि आले ते असे. मला वाटलं, जाब विचारायला आलेत. काय पाजलंस माझ्या भावाला? मी मनात म्हटलं, तुम्हीच शिकवलंत ना. त्यानंतर आठवड्यातून दोनदा, तीनदा. कधी सोड्याच्या डब्यापाशी, कधी नळापाशी. मी कुणाला सांगितलं नाही. सांगायला घरात होतं कोण, तर भावजी.

गोळ्या संपल्या. रक्त स्वच्छ आलं. आम्ही दोघांनी कागद बघितला, घडी घातली, आणि कोणी हसलं नाही. मग बारा आठवड्यांची वाट. त्या बारा आठवड्यांत मी चार किलो उतरले. सोड्याचा पेला चालूच होता, म्हणजे मिठाचा. आता तर गोळीही नव्हती, खरा सोडा दिला असता तरी चाललं असतं. पण माझा हात त्या डब्यात जाईना. बिस्किटांसाठी लागला की मी भावजींना म्हणायची, तुम्हीच घ्या.

कागद मिळायच्या दिवशी आम्ही दुकान बंद ठेवून गेलो. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बसूही दिलं नाही. दारातच म्हणाल्या, "गेलं. नाहीये कुठे." भावजींनी विचारलं, "परत?" त्या म्हणाल्या, "बारा आठवडे आलं नाही, म्हणजे आता ते येत नाही. लिव्हर दुखावलेलं आहे, त्याच्यासाठी दर सहा महिन्यांनी माझ्याकडे यायचं. पण हे गेलं." मी तिथेच भिंतीला धरून उभी राहिले.

बेकरीत आलो तेव्हा दुपार झाली होती. भट्टी गार होती. भावजींनी शटर अर्धं वर केलं, हात धुतले आणि खिळ्यावरचा पेला काढला. पाणी भरलं. सोड्याचा डबा उघडला, चिमूट टाकली. फसफसलं. तो आवाज मी सहा महिन्यांत ऐकला नव्हता.

"आज खरा पिऊ या," ते म्हणाले.

मी काय ऐकलं ते कळायला मला वेळ लागला. ज्याला पिठात मूठभर मीठ कमी पडलेलं जिभेवर कळतं, त्याच्यापुढे मी सहा महिने मिठाचं पाणी ठेवत होते. माझ्यासारखी मूर्ख मीच.

"कधी कळलं?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी. चष्मेवाल्याने सांगितलं ते आठवलं मग."

"आणि बोलला नाहीत?"

"तुम्ही बोलला नाहीत."

"राग नाही आला माझा?"

"तुमचा नाही आला." त्यांनी पेला टेबलावर फिरवला. "दादाचा आला. फार आला. महिनाभर मनातल्या मनात भांडलो त्याच्याशी, आयुष्यात कधी भांडलो नव्हतो तेवढा. त्याने आवाज दिला तर सरकलो नाही. म्हटलं, भाजायचं तर भाज. तेव्हापासून आला नाही तो." "आता वाटतं, उगाच भांडलो. त्याला काय माहीत होतं."

मग त्यांनी निम्मा पेला प्यायला आणि उरलेला माझ्यापुढे सरकवला. जो पेला एकदा ओठांना लागला की त्यांनी इतकी वर्षं मला विसळायलासुद्धा दिला नव्हता, तो, त्यांच्या ओठांचा ओलावा कडेवर असलेला. "हळू" एवढं म्हणाले, सवयीने, पाणी गार होतं तरी. मी प्यायले. सगळं प्यायले. खारट, कडवट लागलं, आणि मला रडू आवरेना.

ते शटर पूर्ण वर करायला बाहेर गेले. मी पेला विसळायला नळाकडे निघाले, टेबल आणि रॅकच्या मधल्या त्या चिंचोळ्या जागेतून. पाठीमागून आवाज आला, "मागे."

भावजी रस्त्यावर होते. चपलांच्या दुकानदाराशी बोलत होते, कागद दाखवत होते.

या वेळी मी वळून बघणार होते, देवाशपथ बघणार होते. पण त्यांच्या हातात ट्रे असेल, आणि कोपर भाजेल कुणाचं तरी. मी पेला छातीशी धरला, पोट टेबलाला चिकटवलं आणि त्यांना जाऊ दिलं.